इंजिनाचा उच्छ्वास आणि तेलाचा डबा

वार्षिकांकासाठी 'काहीतरी शास्त्रीय, पण वाचवेल असे' लिहून द्या, अशी मागणी घेऊन संपादक मंडळातील विद्यार्थी आले, तेव्हा माझ्या हाताला अजून तेलाचा वास येत होता. मी पदार्थविज्ञान शिकवितो. मोटारी दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय नव्हे. तरी गेल्या काही वर्षांत द्रवाचा दाब आणि वायूचा प्रवाह हे दोन धडे मला वर्गापेक्षा माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली अधिक नीट समजले. त्यातील चुका माझ्याच असल्यामुळे त्या सांगावयास संकोच नाही.

गाडी टर्बो पेट्रोल, दुसऱ्या हाताने घेतलेली. साठ हजार किलोमीटर झाल्यावर सकाळी सुरू करताना ती अडखळू लागली. मेस्त्रींनी हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवून बॅटरीचा उजेड आत टाकला आणि मला बोलावले. आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काजळी बसली होती. बोटाने निघेना, खरवडावी लागली. ही काजळी आली कोठून, हा पहिला प्रश्न.

सिलिंडरात पेट्रोल जळते तेव्हा दट्ट्यावर प्रचंड दाब पडतो. दट्ट्याच्या कड्या कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. या वायूत न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ व ज्वलनातून निघालेले इतर वायू असतात; खाली घुसळणाऱ्या तेलाचे सूक्ष्म तुषारही त्यात मिसळतात. हा वायू कोंडून ठेवता येत नाही, नाहीतर दाब वाढून तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. जुन्या काळी एका नळीने तो सरळ रस्त्यावर सोडीत. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा प्रश्न बिकट झाल्यावर १९६१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात हा वायू पुन्हा इंजिनातच नेऊन जाळण्याची व्यवस्था सक्तीची होऊ लागली. तिलाच आज पीसीव्ही म्हणतात. मोटारींच्या प्रदूषणाला घातलेला हा पहिला लगाम.

टर्बोच्या गाडीत एक अडचण वाढते. इंजिन मंद चालत असता मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात असतो. तो क्रँककेसमधील वायू पीसीव्ही झडपेतून ओढून घेतो. परंतु तुम्ही पाय दाबला, टर्बोने हवा कोंबली, की त्याच मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो. तेव्हा ही वाट एकतर्फी झडपेने बंद व्हावी लागते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या अलीकडे, जेथे किंचित ओढ असते तेथे, जातो. वाटा दोन, भार कसा आहे त्यावर कोणती चालू हे ठरते. पुढील सर्व घोटाळा ही गोष्ट मी विसरलो म्हणून झाला.

दोन्ही वाटांनी तेलाचे तुषार जातात. टर्बोच्या वाटेने गेलेले तेल इंटरकूलरच्या आतून लेप देते. त्यामुळे उष्णता नीट बाहेर जात नाही, आणि तेल सिलिंडरात पोहोचले की पेट्रोलची ठोका न देता जळण्याची क्षमता कमी होते. मॅनिफोल्डच्या वाटेने गेलेले तेल गरम झडपांवर भाजते. पूर्वीच्या इंजिनांत पेट्रोल झडपेच्या मागे फवारले जाई, त्यामुळे झडप आपोआप धुतली जाई. माझ्या गाडीसारख्या थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात हे स्नान बंद झाले.

यावर उपाय म्हणून या नळीच्या मध्ये एक डबा बसवितात, त्याला सगळे 'ऑइल कॅच कॅन'च म्हणतात. तत्त्व साधे. नळीचा आतील व्यास १९ मिलिमीटर आणि डब्याचा ७६, म्हणजे चौपट असेल, तर क्षेत्रफळ सोळापट होते व वायूचा वेग सोळाव्या हिश्श्यावर येतो. समजा मिनिटाला ३० लिटर वायू वाहतो. नळीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर, डब्यात जेमतेम ११ सेंटिमीटर. मोठे थेंब खाली बसतात. बारीक तुषार मात्र एवढ्याने बसत नाहीत. त्यांच्यासाठी वायूला आडव्या पट्ट्यांवरून वळवावे लागते आणि तारेच्या जाळीतून न्यावे लागते. वायू वळतो, थेंब जडत्वामुळे वळत नाही, जाळीवर आपटतो आणि दुसऱ्या थेंबाला मिळून ठिबकतो. म्हणून डबा निवडताना त्याचा रंग व चकाकी पाहू नये; झाकण उघडून आत पाहावे.

मी नेमका रंग पाहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात स्वस्तात निळा, चकचकीत डबा मागविला. उघडला तर आत काहीच नाही, नुसता पोकळ! त्याच्या तोंडांचा आतील व्यास ८ मिलिमीटर. मी हुशारी केली: स्वयंपाकघरातील भांडी घासायच्या तारेच्या दोन घासण्या आत कोंबल्या, बारीक नळी आणून टर्बोकडील वाटेवर डबा बसविला. दारात गाडी सुरू करून पंधरा मिनिटे पाहिली. सर्व ठीक.

डिसेंबरात गोव्याहून परतत होतो. मागे धाकटी बहीण व तिची दोन मुले, डिकीत सामान. चोर्ला घाटाचा चढ लागला आणि थोड्या वेळाने बहीण म्हणाली, "दादा, काहीतरी जळल्याचा वास येतोय." मी म्हटले, पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून निळसर धूर दिसला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, सर्वांना उतरवून दूर उभे केले. बॉनेट उघडून पाहतो तो तेल मोजण्याची पट्टी जागेवरून वर सरकलेली, वरच्या आवरणाच्या सांध्यातून तेल ओघळून टर्बोच्या तापलेल्या भागाकडे निघालेले. काही थेंब तेथे पोहोचलेही होते, धूर त्यांचाच. आणखी चार-पाच वळणे मी गेलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मुलांकडे पाहताना मनात आला आणि हात कापू लागले. पाऊण तास थांबलो. इंजिन निवल्यावर ओघळ पुसले, डबा काढला, कंपनीची मूळ नळी सुदैवाने डिकीत होती ती जोडली, तेल पाहिले आणि हळूहळू घरी आलो.

आता यातील गणित पाहा. १९ ऐवजी ८ मिलिमीटरची वाट म्हणजे क्षेत्रफळ सुमारे साडेपाचपट कमी, वेग तितकाच जास्त. आणि तोंडापाशी होणारी दाबाची हानी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती तीसपटींहून अधिक. त्यात घासण्यांचा बोळा तेलाने व पाण्याने भिजलेला. शिवाय माझी नळी मध्ये झोळीसारखी लोंबत होती, तिच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यातेलाने बूच बसले. मग दारात गाडी निर्दोष का वाटली? कारण दारात मॅनिफोल्डची वाट उघडी होती! घाटात ती बंद झाली आणि उरलेली एकच वाट मी बुजविली होती.

उद्यमबागेतील लेथवाल्या मिस्त्रींना डबा दाखविला. त्यांनी घासणी बाहेर ओढली. तिचे सुटे तुकडे टेबलावर पडले. म्हणाले, "सर, तोंड एवढं बारीक, आत हे एवढं कोंबलाय. इंजिन बोंब मारंल न्हाई तर काय करंल ओ? आणि ही तार टर्बोत गेली असती तर?" मजजवळ उत्तर नव्हते.

दुसरा डबा त्यांनीच केला. ७६ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा, वायुबंद, आत भोकांच्या दोन तबकड्या व त्यांच्यामध्ये विणलेल्या स्टेनलेस तारेची जाळी, सैल पण जखडलेली. क्रँककेसकडून एक तोंड आत, बाहेर जाणारी दोन: एक मॅनिफोल्डकडे, एक टर्बोकडे, दोहोंवर एकतर्फी झडप. कंपनीची पीसीव्ही झडप मात्र तिच्या वाटेवर तशीच ठेवली. किती वायू ओढावयाचा याचे प्रमाण तिच्यात बांधलेले असते. नळी मूळ मापाची आणि तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची घेतली. रेडिएटरच्या पाण्याची नळी स्वस्त मिळते, पण ती तेलाने फुगते व मऊ पडते. डबा टर्बोपासून दूर, वाऱ्याच्या झोतात बसविला. थंड भिंतीवर वाफ लवकर द्रवते. नळ्यांना कोठेही झोळ नाही. डबा नुसत्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, पट्टीने बांधावा. कित्येक नव्या इंजिनांत या वाटा वरच्या आवरणातच असतात, बाहेर नळी नसते. तेथे या खटाटोपात पडू नये. डब्याची बाहेरची बाजू हवेत मोकळी सोडून देण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मला पटत नाही: तो वायू शेवटी आपल्याच नाकात यावयाचा, आणि ज्या गाडीत हवा मोजून घेतली जाते तिचा हिशोबही चुकतो.

यावेळी मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. तेल भरण्याच्या एका जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात बारीक नळी बसविली, ती गाडीत घेऊन फळीवर लावलेल्या यू-नळीला जोडली, यू-नळीत कुंकवाचे पाणी. पाण्याच्या १० मिलिमीटर फरकाला दाब सुमारे ९८ पास्कल. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी ती फळी मांडीवर धरून मागे बसला आणि आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ तीनदा चढलो: मूळ नळीने, निळ्या डब्याने व नव्या डब्याने. मूळ नळीने पाणी बोटभर इंजिनाच्या बाजूला चढले, म्हणजे आत किंचित ओढ होती. निळ्या डब्याने अर्ध्या चढावर पाणी उलटे सरकू लागले. विद्यार्थी "सर, सर" म्हणेपर्यंत ते त्याच्या पांढऱ्या शर्टावर होते. तेथेच थांबून डबा काढला. नव्या डब्याने पाणी मूळ नळीच्या खुणेपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ढळले.

एक मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. बसलेली काजळी डब्याने निघत नाही. कड्या झिजल्या असतील तर डबा लवकर भरेल इतकेच. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. आणि झडपांच्या दांड्यांवरून झिरपणारे तेल तर या वाटेने येतच नाही, म्हणून काजळी मंदावेल, थांबणार नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नये.

आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात हजार-बाराशे किलोमीटरमागे माझ्या डब्यात अर्धा कप दुधाळ चहासारखे काहीतरी साचते. उन्हाळ्यात कमी आणि काळे. निम्म्याहून अधिक पाणीच असते. ते गटारात ओतत नाही, गॅरेजमधील जळक्या तेलाच्या पिंपात टाकतो. फळी व यू-नळी प्रयोगशाळेच्या खिडकीजवळील कपाटात आहे. ज्यांना आपली गाडी तपासावयाची असेल त्यांनी गुरुवारी दुपारी यावे, आणि पांढरा शर्ट घालून येऊ नये.