खोली दुरुस्तीला काढण्यापूर्वी



भाताची मळणी आटोपली, की घराकडे पाहण्यास थोडी सवड मिळते. कोणाला नाताळापूर्वी घराला रंग द्यायचा असतो, कोणाच्या घरी मे महिन्यात लग्न असते, तर कोठे पावसाळ्यात फुगलेला गिलावा गळू लागलेला असतो. गवंडी ठरतो, वाळू-सिमेंट अंगणात येऊन पडते. पण खोली मात्र गवंडी दारात उभा राहिल्यावरच रिकामी होऊ लागते. मग एका कोपऱ्यात कणगी, दुसऱ्या कोपऱ्यात पाळणा आणि मधे छिन्नी-हातोडा, असा प्रकार होतो. काम उरकते, पण त्याची धूळ कित्येक दिवस घरच्यांच्या छातीत व ताटात जात राहते. यास्तव कामाआधीचा एक पुरा दिवस केवळ तयारीसाठी राखून ठेवावा. त्याला खर्च थोडा आणि लाभ मोठा.

१. प्रथम भिंत पाहावी

मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौले अशी जी जुनी घरे आहेत, त्यांत गिलावा पडण्याचे कारण बहुधा पाणी असते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा लोणा दिसला, तर ओल खालून चढते आहे. डाग वरून खाली आला असेल, तर कौल फुटले आहे. कारण दूर न करता नवा गिलावा केल्यास तोही गळणार. म्हणून आधी कौल बदलावे, भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा व चर काढावा.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल बाहेर पडत नाही आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. तेथे मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच बरा. खिडकी फोडायची असल्यास त्या भिंतीवर तुळई किंवा वासे टेकले आहेत काय हे जाणत्या सुताराला दाखवावे. टेकू दिल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू नये.

२. खोली खरोखर रिकामी करावी

सामान मधोमध गोळा करून वर चादर टाकणे म्हणजे खोली रिकामी करणे नव्हे. सर्वप्रथम धान्य व बियाणे हलवावे. ते दुसऱ्या कोरड्या खोलीत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. ओल लागलेले बियाणे पेरणीच्या वेळी दगा देते.

फळीवर कीटकनाशकाच्या बाटल्या असतील, तर त्या धान्याबरोबर हलवू नयेत. त्या वेगळ्या, कुलपात आणि मूळच्या बाटलीतच ठेवाव्यात.

माळ्यावरील अडगळ काढताना पायांत जोडा असावा आणि प्रत्येक वस्तू आधी काठीने हलवावी. तेथे विंचू-साप असू शकतात. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक घातलेले पाणी शिंपडून थोड्या वेळाने ओल्या फडक्याने उचलाव्यात व हात साबणाने धुवावेत.

३. दार बंद, वीज बंद

घरात उघडणाऱ्या दारावर ओले गोणपाट किंवा जुने प्लास्टिक वरपासून खालपर्यंत ठोकावे. शक्य असल्यास गवंड्याची ये-जा बाहेरच्या दाराने ठेवावी आणि बाहेरची खिडकी उघडी असावी. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांची झोपण्याची व जेवणाची सोय काम संपेपर्यंत दूरच्या खोलीत, नाही तर शेजारी करावी.

भिंत फोडण्यापूर्वी त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करावी. भिंतीतून वायर कोठून गेली आहे, त्यावर खडूने खूण करावी.

४. जुना तैलरंग

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. दारे-खिडक्यांवरील जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग असेल, तर त्यात शिसे आहे असे समजूनच वागावे. शिशाची धूळ मुलांच्या पोटात गेल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. ते नुकसान भरून येत नाही आणि लगेच दिसतही नाही. मूल रांगते, हात तोंडात घालते, म्हणून धोका त्यालाच अधिक.

सबब असा रंग कोरडा घासू नये व जाळून काढू नये. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासावा. खाली प्लास्टिक अंथरावे व सर्व खरवड त्यातच बांधून ठेवावी. ती परसात टाकू नये. कोंबड्या टिपतात, आणि शिसे अंड्यांत उतरते. खत-खड्ड्यात तर मुळीच टाकू नये.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते कापू अथवा फोडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत. त्यांचे तुकडे वाटेत भर म्हणून घालू नयेत.

५. काम करणाऱ्यांची काळजी

रुमालाने बारीक धूळ अडत नाही. कोरोनाच्या काळात आपण पाहिलेला एन-९५ मास्क गवंड्याला व हाताखालच्या बाईला आपणच आणून द्यावा. गिलावा पाडताना पाणी शिंपडत राहावे.

चुना विरवायचा असेल, तर आधी पाणी घ्यावे व त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. कळ्यांवर पाणी ओतू नये, कारण चुना उसळून अंगावर येतो. डोळ्यांत उडाल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटे धुवावे आणि तडक डॉक्टरांकडे न्यावे. त्यासाठी स्वच्छ पाण्याची भरलेली घागर जवळच असू द्यावी.

६. रोज संध्याकाळी

कोरडा झाडू न वापरता ओल्या फडक्याने जमीन पुसावी. कामाचे कपडे बाहेरच झटकून वेगळे धुवावेत आणि हात-तोंड धुतल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नये. नवा गिलावा सिमेंटचा असल्यास निदान सात दिवस पाणी मारावे, आणि पुरता वाळल्यावरच रंग द्यावा. धान्य त्यानंतरच परत आणावे.

भिंत उद्याही दुरुस्त करता येते. मुलाची प्रकृती आणि पेरणीचे बियाणे यांचे तसे नाही. म्हणून गवंड्याला तारीख देण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून एवढे ठरवावे: धान्य कोठे, मुले कोठे, आणि खरवड कोठे.