अवर्षणांत ज्वारीचें पान काय करतें?

लातूरकडील विद्यार्थ्यास अवर्षण म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें लातूर शहरास पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें सर्वश्रुत आहे. मनुष्यांसाठीं गाडी आली. परंतु शेतांतील रोपट्यास जागचें हलतां येत नाहीं. तें अशा दिवसांत आपला निर्वाह कसा चालवितें, हें आपण पाहूं.

पान ही वनस्पतीची पाकशाळा होय. सूर्यप्रकाश हें इंधन, हवेंतील कर्बवायु व मुळांनीं आणलेलें पाणी हा शिधा, आणि शर्करा हें सिद्ध अन्न. कर्बवायु सूक्ष्म रंध्रांवाटे आंत येतो. पण त्याच दारानें पाण्याची वाफ बाहेर निसटते. जमिनींतील ओल सरूं लागली कीं हीं दारें मिटतात. पाणी वांचतें, पण शिधाहि बंद होतो. चूल मात्र पेटलेलीच! हरितद्रव्य प्रकाश शोषीतच राहतें, आणि ती न खपलेली शक्ति पानाच्या घटकांसच इजा करूं लागते. तिचा कांहीं भाग पान उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतें. ज्वारीचें पान तर सुरळीसारखें वळतें, म्हणजे ऊनहि कमी लागतें व वाफहि कमी जाते. दुपारीं वळलेलें पान मेलें असें समजूं नये. रात्रीं तें पुष्कळदां पुन्हां उलगडतें.

नांदेडकडील कापसास किंवा आपल्या तुरीस येथें दुहेरी तोटा होतो. पानांत कर्बवायु विरळ झाला म्हणजे तो पकडणारें रुबिस्को नांवाचें विकर चुकून प्राणवायूसच धरतें, व ती चूक निस्तरण्यांत कमावलेली शक्ति खर्चीं पडते. ज्वारी कर्बवायु प्रथम एका आम्लांत बांधते आणि शिरांभोंवतालच्या पेशींत नेऊन मोकळा करते. तेथें त्याची दाटी असल्यामुळें चूक क्वचित् होते, व दारें अर्धवट मिटलीं तरी काम चालतें. हा मार्ग हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांत उसावरील प्रयोगांवरून मांडला.

यावर चतुर विद्यार्थी विचारील, मग उसास एवढें पाणी कां लागतें? कारण तो बारा ते अठरा महिने शेतांत उभा असतो व अवघा उन्हाळा पाण्यावर काढतो. रब्बी ज्वारी सुमारें चार महिन्यांत, काळ्या जमिनींत साठलेल्या ओलीवर, आटोपते. पानाची काटकसर एवढ्या लांब मुक्कामास पुरत नाहीं.

कणीस भरतांना ओल संपली तर ज्वारी ताटांत सांठविलेली शर्करा दाण्याकडे धाडते. दाणा कांहींसा भरतो, पण ताट कमजोर होऊन लोळतें. ज्या वाणांचीं पानें अखेरपर्यंत हिरवीं राहतात त्यांचें असें कमी होतें.

एक गोष्ट गुरें राखणाऱ्या मुलांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पाण्यावांचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारींत धुरिन नांवाचें द्रव्य वाढतें, आणि जनावरानें तीं पानें चघळलीं कीं त्यांतून जहाल सायनाइड सुटतें. पावसाच्या खंडांत जाणता शेतकरी गुरांस अशा शेतांत शिरूं देत नाहीं. पीक फुलोऱ्यास आल्यावरच तें चाऱ्यासाठीं कापतो.