मुक्काम एकच ठेवा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात आठवडाभर कॅरव्हॅन घेऊन जायचं म्हणणाऱ्या मराठी कुटुंबांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, की मुक्काम एकच ठेवा. सुटी म्हटली की लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर आणि जमलं तर एडिंबरासुद्धा एकाच फेरीत उरकायचं, ही आपली जुनी सवय. त्यात कॅरव्हॅनला चाकं, म्हणजे मोह आणखी वाढतो. पण प्रत्येक नव्या जागी ती गाडीपासून सोडवायची, समतल करायची, पाणी भरायचं, वीज जोडायची आणि निघताना हे सगळं उलट्या क्रमाने करायचं, यात अर्धा दिवस जातो आणि घरातल्या ज्येष्ठांचे हाल होतात. एका जागी ठाण मांडलं आणि रोज नुसती मोटार घेऊन फिरलं, तरच तो आठवडा विश्रांतीचा होतो.

आम्ही लेस्टरला राहतो. साताऱ्याहून सासू-सासरे आले होते, म्हणून जूनमध्ये भाड्याची कॅरव्हॅन घेऊन नॉर्थ यॉर्क मूर्सच्या कडेला हेल्म्सलीजवळ उतरलो. त्या महिन्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, शाळा सुरू असल्याने गर्दी कमी असते आणि जागा निवांत मिळते. खास भारतातून आठवड्यासाठी येणार असाल आणि इथे गाडी चालवणारं नात्यातलं कुणी नसेल, तर ओढायच्या कॅरव्हॅनच्या भानगडीत पडू नका. जागेवरच कायम उभी असलेली स्टॅटिक कॅरव्हॅन भाड्याने मिळते. तिच्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग सगळं असतं आणि ओढायचं काहीच नसतं.

ओढणार असाल तर दोन आकडे घरी बसूनच तपासा. नव्या चालकासाठी इथला जुना सल्ला असा, की सामानासकट कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या वर जाऊ नये. मोटार 1600 किलोची असेल, तर कॅरव्हॅन 1360 किलोपर्यंत. दुसरा आकडा कॅरव्हॅनच्या नाकावरच्या भाराचा. जोडणीच्या टोकावर एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार हवा. तांदळाची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, कुकर असलं जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत ठेवायचं. ते मागच्या कपाटात कोंबलं की नाक हलकं होतं आणि मोठा ट्रक शेजारून गेला की शेपूट डावी-उजवी डुलायला लागते. अशा वेळी पाय ब्रेककडे धावतो, नेमकं तेच करायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग उतरला की डुलणं आपसूक थांबतं.

वेगाची मर्यादाही वेगळी आहे. साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी 50 मैल, मोटरवेवर 60, आणि तीन किंवा जास्त पदरी मोटरवेची अगदी उजवीकडची लेन कॅरव्हॅनला बंद. 16 डिसेंबर 2021 पासून साध्या मोटारीच्या ब्रिटिश परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचं ओढता येतं, पूर्वी 1997 नंतर परवाना काढलेल्यांना त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. परीक्षा गेली म्हणून सराव गेला, असं समजू नका. मोकळ्या मैदानात निदान तासभर मागे घेण्याचा सराव करा.

रस्ता ठरवताना मोबाइलवर विसंबू नका. थर्स्कहून हेल्म्सलीला जाताना नकाशा सरळ ए170 दाखवतो. त्या वाटेवर सटन बँकचा चढ आहे, चारास एक इतका खडा, आणि तिथे कॅरव्हॅनला बंदी आहे. वर कोकणातल्या घाटासारखी तीव्र वळणं. आम्हाला जागेच्या वॉर्डनबाईंनी फोनवर आधीच बजावलं होतं, म्हणून कॉक्सवोल्ड आणि अ‍ॅम्पलफोर्थवरून वळसा घालून आलो. बुकिंग झालं की जागेवर फोन करून एवढंच विचारा, की कॅरव्हॅन कोणत्या रस्त्याने आणतात. वाटेची ही काळजी जुनीच आहे. 1885 साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी हौशी प्रवासासाठी ‘वाँडरर’ ही घोड्यांची कॅरव्हॅन बांधून घेतली. तिच्या पुढे त्यांचा नोकर तिचाकी सायकलवरून जाई आणि समोरून येणाऱ्यांना सावध करी. कुंपणांच्या मधून जाणाऱ्या इथल्या गल्लीबोळांत समोर ट्रॅक्टर उभा ठाकला की त्या नोकराची किंमत कळते.

पोहोचाल ते दुपारीच पोहोचा. बहुतेक ठिकाणी दुपारी बारा-एकनंतर आत घेतात. अंधारात आणि भुकेल्या पोटी जागा लावणं नको. आधी डाव्या-उजव्या चाकांची उंची फळी घालून सारखी करायची, मग गाडी सोडवून पुढच्या छोट्या चाकाने मागचं-पुढचं साधायचं. चार कोपऱ्यांचे पाय शेवटी, तेही फक्त टेकण्यापुरते. त्यांच्यावर कॅरव्हॅन उचलायला गेलं तर तळ वाकतो. समतल नसेल तर फ्रीज नीट थंड करत नाही, मोरीतलं पाणी उतरत नाही आणि पाठदुखीवाल्या माणसाची झोप जाते.

विजेचं गणित आपल्या बायकांनी मुद्दाम समजून घ्यावं. जागेवरच्या खांबातून 16 अ‍ॅम्पियर मिळतात, काही ठिकाणी 10 किंवा 6. दहा म्हणजे 2300 वॉट. इथली घरातली किटलीच तीन हजारांची असते. सकाळी सासूबाईंचा चहा, हीटर आणि भाताचा कुकर एकदम लागला की सगळं बंद पडणार. चहा गॅसवर करा किंवा कमी वॉटची प्रवासी किटली न्या. आणि खांबाला जोडायची भगवी केबल गुंडाळी करून ठेवू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे लिहिते आहे, ती. आठवड्याच्या मध्यावर संध्याकाळी बार्बेक्यूवर मक्याची कणसं आणि पनीर भाजलं. जेवण होईतो पाऊस आला, वारा सुटला आणि जूनमध्येही हुडहुडी भरली. कॅरव्हॅनच्या दाराला जोडलेल्या तंबूत, ज्याला इथे ऑनिंग म्हणतात, सासूबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांना ऊब मिळावी म्हणून सासऱ्यांनी बार्बेक्यूची शेगडी उचलून तंबूत आणली आणि वारा लागू नये म्हणून चेन लावून घेतली. वर राखेचा थर होता, ज्वाळ नव्हती, धूर नव्हता. मी आत भांडी विसळत होते. थोड्याच वेळात दाराशेजारचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला.

“बाबा, आधी बाहेर चला. आई, उठा.”

“अगं, विझलेत ते निखारे.”

“बाहेर चला, मग बोलू.”

पावसात उभं राहिल्यावर सासूबाई म्हणाल्या, मघापासून डोकं जड झालंय, मला वाटलं थंडीने असेल. नवऱ्याने श्वास रोखून शेगडी बाहेर ओढली, दोन्ही चेन उघडल्या आणि खिडक्या सताड केल्या. मोकळ्या हवेत सासूबाईंचं डोकं हलकं झालं. तरीही 111 या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करून विचारून घेतलं, आणि अलार्म शांत होईपर्यंत कुणी आत गेलं नाही. चक्कर, उलटी, गुंगी असेल तर थेट 999.

सासऱ्यांचं लहानपण कौलारू घरात गेलं. तिथे शेगडी माजघरात असायची, पण कौलांच्या फटींतून आणि उघड्या दारांतून वारा अखंड वाहायचा. ऑनिंगचं कापड वारा आणि पाणी अडवण्यासाठीच असतं. निखारे विझल्यासारखे दिसले तरी कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड वायू सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोकेदुखी-मळमळ ही लक्षणं थंडीतापासारखी वाटतात. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. म्हणून शेगडी, बार्बेक्यू, पेटलेली गॅसची चूल यांतलं काहीही ऊब घेण्यासाठी तंबूत किंवा कॅरव्हॅनमध्ये न्यायचं नाही. निखाऱ्यांवर पाणी ओता आणि शेगडी रात्रभर बाहेर भिजू द्या. ताबा घेताना भाड्याने देणाऱ्याकडून अलार्मचं बटण दाबून वाजवून घ्या. जमिनीजवळच्या आणि छतावरच्या हवेच्या जाळ्या गार वारा येतो म्हणून टॉवेल कोंबून बंद करू नका. मुलं आणि म्हातारी माणसं आधी गारठतात, म्हणून हे काम घरातलं कुणीतरी मायेपोटीच करतं. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला हे आधीच, नाव घेऊन सांगा.

पहाटे खिडक्यांना दव धरतं आणि उशीवर थेंब पडतात. रात्री छताची झडप बोटभर उघडी ठेवली आणि कुकरच्या वेळी खिडकी उघडली की हे कमी होतं. गॅसचं सिलिंडर वसंतात किंवा शरदात जाणार असाल तर लाल, प्रोपेनचं घ्या. निळ्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही.

संडासाबद्दल बोलायला लोक लाजतात, पण वयस्क माणसं असतील तर जागा त्यावरच निवडावी. गरम पाण्याचं स्नानगृह चालत दोन मिनिटांवर असावं. आतल्या संडासाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी टाकी, रात्रीपुरती ठेवावी, आणि ती ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची, गटारात किंवा झुडपात कधीही नाही.

फिरायला मात्र मन मोकळं ठेवा. हेल्म्सलीहून क्लीव्हलँड वेने तीनेक मैल चालत गेलं की 1132 साली स्थापन झालेल्या रिव्हॉ मठाचे भग्न कमानींचे अवशेष दरीत दिसतात. सासूबाई मोटारीने आल्या, आम्ही चालत. दुसऱ्या दिवशी पिकरिंगहून ग्रॉसमाँटपर्यंत 18 मैलांची वाफेची गाडी, त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच नाही. असा काहीच नसलेला दिवस आठवड्यात दोनदा तरी ठेवा. शेतांतून जाणाऱ्या पायवाटांना पिवळा बाण असतो. फाटक जसं सापडलं तसं सोडा आणि वासरू बरोबर असलेल्या गायींना लांबून वळसा घाला. नेचाच्या झुडपांतून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना, ते पाहा, लाइम रोग त्यांच्यापासून होतो. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात आणि खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी बहुधा दोन-अडीचला बंद होतं. पोहे, डाळ, तांदूळ जवळ असले की त्याचा त्रास होत नाही.

निघायच्या दिवशी घाई टाळण्यासाठी ऑनिंग आदल्या संध्याकाळीच, कोरडं असताना, उतरवा. गॅस बंद, छताची झडप बंद, वीज सोडलेली, कोपऱ्यांचे पाय वर, पुढचं चाक वर, सुटल्यास ब्रेक लावणारी तार अडकवलेली, मागचे दिवे लागतात ना ते एकाने मागे उभं राहून पाहिलेलं. हे एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने हात लावून खात्री करावी. आणि परतीला शनिवार टाळता आला तर टाळा, कारण त्या दिवशी किनाऱ्याकडची सुटीसाठी भाड्याने दिलेली सगळी घरं रिकामी होतात आणि यॉर्कजवळ ए64 तुंबतो.