गिनीचे पंधरा रुपये

भाचा: मावशी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिनी पंधरा रुपयांना मिळायची म्हणे. आता दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर गेलंय. नाणं जुनं होत गेलं की भाव एवढा चढतो?

मावशी: जुनेपणाचा त्यात जवळजवळ काहीच वाटा नाही. आपण जिला गिनी म्हणतो ती ब्रिटिश सॉव्हरिन. वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. १८९९ मध्ये ती इथे कायदेशीर चलन झाली, पंधरा रुपयांना एक. पुढे १९२७ साली सरकारी दर ठरला १३ रुपये ५ आणे ४ पै. वय वाढलं आणि भाव उतरला, हे कसं? सरकारने रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवरून १ शिलिंग ६ पेन्सांवर नेला होता. गिनी म्हणजे एक पौंड आणि पौंडाचे पेन्स २४०. त्यांना १६ ने भागलं की पंधरा रुपये, १८ ने भागलं की सव्वातेराच्या जरा वर. नाण्यातलं सोनं गुंजभरही हललं नव्हतं, बदलला होता तो रुपया.

भाचा: तो सरकारी दर झाला. सराफ बाजारात भाव कायम वरच गेलेला दिसतो.

मावशी: रुपयांत बघतोस म्हणून तसं दिसतं. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं आणि १९९९ मध्ये २५० च्या आसपास येऊन पडलं. पडझड म्हणावी तर ही. आपल्याकडे मात्र १९८० साली दहा ग्रॅमचा सरासरी भाव साधारण १,३०० रुपये होता आणि २००० साली ४,४०० च्या घरात. तिकडे घसरण, इकडे तिपटीहून जास्त! कारण त्या वीस वर्षांत डॉलर आठ रुपयांवरून पंचेचाळिसाच्या आसपास गेला. त्यात १९६३ पासून १९९० पर्यंत सुवर्ण नियंत्रण होतं, त्यामुळे इथला भाव बहुतेकदा बाहेरच्यापेक्षा चढा असायचा. तस्करी उगाच फोफावली नव्हती. आजोबांची गिनी ‘वाढली’ असं घरोघरी म्हणतात, त्यातला मोठा भाग असा रुपयाच्या घसरणीचा असतो.

भाचा: मग सोनं स्वतः वाढतच नाही म्हणायचं?

मावशी: एवढं ताणू नकोस. २००० ते २०१० या दहा वर्षांत डॉलरचा रुपयातला सरासरी दर दोन्ही टोकांना पंचेचाळीस-शेहेचाळीसच होता, तरी सोनं ४,४०० वरून साडेअठरा हजारांवर गेलं. ती वाढ धातूचीच, आणि खरी. पण ती जुन्या गिनीला जेवढी लाभली तेवढीच कालच्या वळ्यालाही. शिवाय आकड्यांनी दिपून जाऊ नये. पंधरा रुपयांची गिनी, दहा ग्रॅमला लाख असा भाव धरला तर, आज सोन्याच्या मोलानेच त्र्याहत्तर हजारांची होते. ऐकायला पावणेपाच हजार पटींहून जास्त; पण एकशेदहा वर्षांवर पसरली तर वर्षाला जेमतेम आठ टक्के. वर व्याज नाही की भाडं नाही.

भाचा: पण दुर्मीळ नाण्यांना लाखो रुपये येतात, ते?

मावशी: येतात, पण ते दुर्मीळपणाचे. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतही गिन्या पडल्या. नाण्यावर घोडेस्वार सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतो ना, त्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या मधोमध वर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असतं, तीच खूण. मुंबईत एवढ्या एकाच वर्षी पडल्या, म्हणून लोकांना वाटतं घबाड हाती लागलं. पण पडल्या सुमारे तेरा लाख! उलट शिवरायांचा सोन्याचा होन गिनीच्या निम्म्याहूनही हलका, तरी त्याची किंमत तिच्या कितीतरी पट, कारण अस्सल होन फारच थोडे उरलेत. संग्राहक पैसे मोजतो ते तुटवड्याचे आणि नाण्याच्या अवस्थेचे. माळेत ओवायला कडी डाखली किंवा चिंच लावून घासून लख्ख केली की हा वरचा भाव गेला. मग सराफ काट्यावर टाकून मोडीचाच भाव लावणार.

भाचा: आणि लंडनच्या लिलावात मुंबईच्या गिनीला जास्त मिळाले, तर ती तिकडे पाठवता येईल?

मावशी: नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची गिनी २०१८ मध्येच त्या रेषेपलीकडे गेली. तेव्हा तिकडचा आकडा वाचून इथल्या गिनीची किंमत धरू नकोस. तिला गिऱ्हाईक इथलंच शोधावं लागतं.