सरकार बंद असताना काँग्रेसमनला फोन
2025 साली 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस अमेरिकन सरकारचे कामकाज ठप्प होते. श्रम खात्याने महिनाभर एलसीए अर्ज थांबवले. नोकरी गेलेल्या एच-वनधारकाचे 60 दिवस मात्र चालूच होते! अर्जांच्या फीवर चालणारे इमिग्रेशन खाते उघडे होते, सोशल सिक्युरिटीचे पैसेही येत होते.

मी आमच्या काँग्रेसमनना लिहिले. उत्तरात अर्धे पत्र दुसऱ्या पक्षाच्या नावाने खडे फोडणारे. (त्यांचा पगार काही थांबत नाही!) कामाची होती शेवटची ओळ: स्थानिक कार्यालयाला फोन करा.

तो जरूर करावा. नागरिकत्व लागत नाही, मतदारसंघात राहणे पुरते. सहीचे संमतीपत्र आणि अर्जाचा पावती क्रमांक तयार ठेवा. ते चौकशी करतात. निर्णय बदलणे किंवा बंद खाते उघडणे त्यांच्या हाती नसते.