दख्खनी आणि आफाकी

प्राचीन जगाचा इतिहास शिकविताना यहुद्यांमधील फारिसी आणि सदूकी ही नावे आली, की विद्यार्थी ती पाठ करतात. पुनरुत्थान मानणारे फारिसी, न मानणारे सदूकी, एवढे उत्तरपत्रिकेला पुरते. परंतु हे पंथ केवळ मतांचे नव्हते. राजसत्ता कोणाच्या हाती असावी, याचाही तो झगडा होता. अलेक्झांडर यनायस राजाने ८०० विरोधकांना क्रुसावर चढविले असे जोसीफस लिहितो. यनायसची राणी सलोमी राज्यावर आली, तेव्हा तिने फारिशांना जवळ केले. तिच्यामागे दोघे पुत्र भांडले, दोघांनीही रोमन सेनापती पॉम्पीकडे दाद मागितली, आणि इ. स. पूर्व ६३ मध्ये पॉम्पीच जेरूसलेमात शिरला. (आपले राघोबादादा १७७५ साली सुरतेच्या तहाला गेले, ते याच वाटेने.)

वर्गात हे पटवून देताना मी बीदरचे उदाहरण घेतो. हिमायतनगरपासून बीदर सुमारे दीडशे किलोमीटर. या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांना ते परके नाही.

बहामनी दरबारात दोन तट होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे रुजलेले ते दख्खनी; इराण-तुराणातून नशीब काढायला आलेले ते आफाकी. दख्खनी बहुधा सुन्नी, आफाकींत शिया पुष्कळ. म्हणून हे भांडण धर्मपंथाचे असे सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. सरदारकी, जहागिरी आणि सुलतानाच्या कानाशी कोण लागतो, हे खरे प्रश्न होते. १९५२ च्या मुल्की आंदोलनाची हकीकत वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हैदराबादकरांना हे फार समजावून सांगावे लागत नाही.

गीलानहून आलेला महमूद गावान आफाकी खरा, पण वजीर झाल्यावर त्याने दोन्ही तटांना सारखे वागविण्याचा प्रयत्न केला. त्याने चार प्रांतांचे आठ केले, आणि तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या हुकमतीखाली आणले. येथेच बिनसले. दुखावलेल्या दख्खनी सरदारांनी गावानच्या शिक्क्याच्या रखवालदाराला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे निमंत्रण लिहिले. शिक्का माझा, मजकूर माझा नव्हे, असे गावान सांगत राहिला. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला. वर्षभरात सुलतानही वारला.

कटाचा म्होरक्या मलिक हसन हा मूळचा पाथरीचा ब्राह्मण, असे फरिश्ता सांगतो. १४८६ साली तोही मारला गेला. त्याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापिली. गावानच्या आश्रयाने वर आलेल्या यूसुफने विजापूरची आदिलशाही. सुलतान बीदरला नावापुरता उरला.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. गावानची कैफियत मुख्यत्वे फरिश्त्याकडून आपल्याला कळते, आणि फरिश्ता स्वतः अस्तराबादेत जन्मलेला, म्हणजे आफाकीच. तिकडे जोसीफसही आपण फारिशांचा अनुयायी असल्याचे सांगतो. दख्खनी सरदारांच्या बाजूने लिहिलेली, फरिश्त्याच्या तोडीची बखर आपल्या हाती नाही.