कोब्याच्या अंगणात बारा महिने हिरवळ, पण डासांना जागा नको



निगडीची ओटास्कीम असो, पिंपरीतले मिलिंदनगर असो, की चाकणजवळच्या खराबवाडी-महाळुंगेतल्या पत्र्याच्या खोल्या असोत, घरापुढची जागा बहुतेक सारखीच दिसते. चार-सहा फूट कोबा, कडेला पाण्याचा निळा पिंप आणि वर कपड्यांची दोरी. एप्रिल-मे महिन्यात हा कोबा दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता घराकडे सोडतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागत नाही, लहान मुलांना घामोळे येते.

या कोब्यावर बारा महिने पाने टिकणारी पाच-सहा झाडे नक्की वाढतात. मात्र बेफिकिरीने लावलेली कुंडी घरात डेंग्यू आणते, हेही आम्ही वस्तीत फिरताना पाहतो. म्हणून या वेळच्या पाठात दोन्ही गोष्टी बरोबर शिकू: झाड कसे लावायचे आणि त्याने आजार कसा येऊ द्यायचा नाही.

झाडाकडून काय अपेक्षा ठेवावी

पाच कुंड्यांनी कंपन्यांचा धूर शुद्ध होत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेचा १९८९ चा एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. पण तो बंद पेटीत ठेवलेल्या झाडांवर केला होता. आपले अंगण उघडे आहे. हवेच्या प्रदूषणासाठी पालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारच करावी लागेल.

झाडांचा उपयोग वेगळा आहे. भिंतीवर आणि कोब्यावर सावली पडते, त्यामुळे ते कमी तापतात. पानांतून बाहेर पडणाऱ्या ओलाव्याने जवळची हवा थोडी थंड होते. भाजीत टाकायला ताजे पान मिळते. आणि संध्याकाळी दारात बसावेसे वाटते. घरात कोंडून राहणाऱ्या वयस्कर माणसांना आणि बाळंतिणींना हेही औषधासारखेच आहे.

कुंडी कोणती घ्यावी

आपल्या पट्ट्यात भंगारात ड्रम आणि कॅन स्वस्त मिळतात. इथेच सर्वांत जास्त काळजी घ्या. ज्यात रसायन, थिनर, कूलंट, ऑइल किंवा कीटकनाशक होते तो ड्रम झाडालाही नको आणि पिण्याच्या पाण्यालाही नको. प्लॅस्टिक हे पदार्थ शोषून घेते, साबणाने कितीही घासले तरी ते पूर्ण निघत नाहीत. जुन्या बॅटरीच्या खोक्यात तर काहीच लावू नका. त्यात शिसे असते. ते मातीत उतरते आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते.

फुटका माठ, तडकलेली बादली, खाण्याच्या तेलाचा डबा चालतो. रंगाची बादली फक्त शोभेच्या झाडाला वापरा, खायच्या पानांना नको. तळाला बोटाएवढी चार-पाच भोके पाडा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी खाली वाहून जाईल. वीस लिटरची कुंडी ओल्या मातीसह पंचवीस किलोच्या आसपास भरते. ती पत्र्यावर किंवा एसआरए इमारतीतल्या गॅलरीच्या कठड्यावर कधीही ठेवू नका. खाली मुले खेळतात.

माती विकत आणायची गरज नाही

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून सामान्य माणसांना पालापाचोळ्यापासून माती करायला शिकवले. आपणही तेच करू. कुंडीत अर्ध्यापर्यंत वाळलेला पाला दाबून भरा. त्यावर भाजीची देठे-साले आणि मूठभर माती असे थर द्या. शिजलेले अन्न, मटण-मासळीचे तुकडे घालू नका, उंदीर येतात. महिना-दीड महिना ओलसर ठेवले की ढीग खाली बसतो. मग वर चार-पाच बोटे माती घालून रोप लावा. मातीचे काम झाल्यावर हात साबणाने धुवा. पत्रा किंवा खिळा लागला तर जखम धुऊन दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

कोणती झाडे लावावीत

उन्हाच्या जागी कढीपत्ता, गवती चहा, कोरफड आणि जास्वंद लावा. कढीपत्त्याची पाने थंडीत थोडी गळतात, घाबरू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर नवी फुटतात. कोरफडीला आठवड्यातून एकदाच पाणी पुरते.

अर्धवट सावलीत ओव्याच्या वासाच्या जाड पानांचे झाड आणि अडुळसा वाढतो. ओव्याच्या पानाची फांदी मातीत खोचली तरी मूळ धरते. त्याची भजी मुले आवडीने खातात.

गल्ली अरुंद असेल, ऊन अजिबात येत नसेल, तर तलवारीसारख्या उभ्या पानांचे स्नेक प्लांट आणि मनी प्लांट लावा. मनी प्लांट मातीतच लावा. बाटलीतल्या पाण्यात लावलेला मनी प्लांट म्हणजे डासांचे बाळंतपणाचे घर.

मोठी बादली असेल तर शेवग्याची फांदी लावून ती छाटत राहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि वर लिंबू पिळले तर लोह अंगी लागायला मदत होते. मात्र दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

कुणाला दारात बोधिवृक्ष, म्हणजे पिंपळ असावा असे वाटते. ती भावना योग्य आहे, पण पिंपळाची मुळे कोबा आणि भिंत फोडतात. ते रोप विहाराच्या मोकळ्या जागेत लावा.

विषारी झाडांपासून सावध

कण्हेर दिसायला सुंदर आणि चिवट, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बियांनी हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. मोठ्या पानांवर पांढरे ठिपके असलेले डिफेनबॅकिया मुलाने चावले तर तोंड आणि जीभ सुजते. मनी प्लांटच्या पानानेही तोंडाची आग होते, म्हणून तो उंचावर टांगा. सदाफुली लावायला हरकत नाही, पण साखर उतरते म्हणून तिची पाने चावू नका. तिच्यापासून कर्करोगावरची तीव्र औषधे बनतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

मुलाने असे काही खाल्ले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. झाडाचा तुकडा बरोबर घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

पाणी आणि डास: एकाच कामाच्या दोन बाजू

“प्यायला पाणी पुरत नाही, झाडांना कुठून घालू?” हा प्रश्न प्रत्येक वस्तीत येतो आणि तो खरा आहे. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणी सोडायला सुरुवात झाली. म्हणून घरोघरी पिंप भरलेले असतात, आणि डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यावर वाढतो.

हा डास दिवसा चावतो. तो भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतो. ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा भांडे आतून घासावे लागते.

आता हे दोन प्रश्न एकत्र करा. पाणी येण्याच्या दिवशी, नळ यायच्या आधी, पिंपाच्या तळाशी उरलेले जुने पाणी कुंड्यांना घाला. आठवड्यातून एकदा रिकामा पिंप काथ्याने आतून घासा, मग भरा आणि वर फडके घट्ट बांधा. पिंपही स्वच्छ, झाडालाही पाणी. एरवी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी वापरा. साबणाचे किंवा तेलकट पाणी नको. मातीवर वाळलेला पाला पसरला की ओल टिकते. बोट पेरभर मातीत घालून पाहा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नकोच.

कुंडीखाली बशी ठेवू नका. ठेवलीच तर तिच्यात वाळू भरा. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, फुटक्या बादल्या पावसाळ्याआधी हलवा.

घरात कुणाला जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग मोडून येणे असे झाले तर रक्त तपासून घ्या. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी मनाने देऊ नका, अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात खूप दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गुंगी यांपैकी काही दिसले तर रात्र काढू नका. ताप उतरल्यावरच ही लक्षणे बऱ्याचदा दिसतात, म्हणून ताप गेला की निर्धास्त होऊ नका.

एका घराचे काम नाही

एडिस डास फार लांब उडत नाही. साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे आपल्या मुलाला चावणारा डास बहुतेक आसपासच्याच कुठल्या तरी घराच्या भांड्यातला असतो. एकट्या घराने पिंप घासून उपयोग नाही, अख्ख्या गल्लीने एकाच दिवशी घासायला हवा.

म्हणून रविवारची वंदना झाली की विहारातच गल्लीचा दिवस ठरवा. प्रत्येकीने आपल्याकडची एक फांदी किंवा रोप आणावे, म्हणजे पैसे न घालता झाडे घरोघरी जातील. दोघी-तिघींनी मिळून त्या दिवशी गल्लीतले पिंप, कुंड्या, टायर पाहावेत, आणि जी ताई कामावर गेली असेल तिचा पिंप शेजारणीने घासावा. पावसाळा सुरू व्हायच्या आत हा दिवस ठरवा.